मगदूम सरांचं वजन

भरतेशनं हातमोजे घरूनच घालून घेतले. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो बोटांची उघडझाप करत होता.

"ग्रिप चांगली आहे," तो म्हणाला.

"तिथं गेल्यावर घाला की. गाडी चालवायचीय."

"सुनेत्रा, तयारी मनाची असते. मन आधी पोचलं पाहिजे तिथं."

मन पोचलं असेल. खाली आल्यावर मात्र हातमोज्यामुळं स्कूटरची किल्ली फिरेना. शेवटी दातांनी ओढून त्यानं एक हातमोजा काढला, गाडी चालू केली आणि परत घातला. मी मागं बसले. तेव्हा मी त्याला अहो म्हणायचे, तुम्ही म्हणायचे, आणि गाडीवर मागंच बसायचे.

माझा नवरा वक्ता होता. प्राध्यापक नव्हता, पण सांगलीत सगळे त्याला मगदूम सर म्हणत. आधी एका क्लासमध्ये शिकवायचा, मग कधीतरी शाळेच्या निरोप समारंभात इच्छाशक्तीवर बोलला, लोकांना आवडलं, आणि तेव्हापासून त्यानं दुसरं काही केलं नाही. कॉलेजं, पतसंस्था, साखर कारखान्यांचे वर्धापनदिन. बोलताना त्याचे हात फार सुंदर फिरायचे, हे मी आजही कबूल करेन.

प्रत्येक व्याख्यानात घरातली दोन माणसं यायची. हसवायला मी आणि रडवायला त्याची आई. मी आधी यायचे. "आमच्या सौभाग्यवती गणिताच्या पदवीधर आहेत. पण त्यांना स्कूटर दोन गाड्यांच्या मधे लावायला सांगा. तिथं पायथागोरससुद्धा हात टेकतो." मग पहिल्या रांगेकडं हात करायचा. लोक माना वळवून बघायचे आणि मी हसायचे. शेवटाकडं आवाज खाली यायचा. "माझी आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्या माउलीला मी या दोन हातांवर झेललं." दोन्ही तळहात पुढं. सभागृहात कुणीतरी नाक ओढायचंच.

आई जाऊन तोवर वर्ष होत आलं होतं.

आम्ही निघालो होतो ते मुजावर मॅडमच्या जिममध्ये. मार्केट यार्डाच्या मागं हळदीचं एक जुनं गोदाम होतं, ते त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. भिंती पांढऱ्या केल्या होत्या, तरी कोपऱ्यात पिवळं उरलं होतं आणि उन्हाळ्यात घाम फुटला की हळदीचा वास यायचा. तिथं आरसे नव्हते, गाणी नव्हती. वाळूच्या पिशव्या, वर मूठ असलेले लोखंडी गोळे, म्हणजे केटलबेल, जाड दोर, वजनं रचून ढकलायचा एक लोखंडी गाडा आणि जमिनीवर रबराच्या लाद्या. शबाना मुजावर स्वतः वेटलिफ्टिंग केलेल्या, कुरुंदवाडच्या. बोलायला कमी. नुसतं अंग फुगवायला आलेली पोरं तिथं फार टिकत नसत, कारण मॅडम त्यांना उचलायला लावायच्या, चालायला लावायच्या आणि गुडघ्यावरून वजनासकट उठायला लावायच्या. "रोजच्या जगण्यात जे करावं लागतंय तेच करायचं, फक्त जड करायचं," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

पाठ धरली म्हणून मी तिथं गेले होते. साडेतीन वर्षांत रविवारच्या ॲडव्हान्स्ड बॅचमध्ये पोचले. आणि त्या महिन्यात मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मिरजेला जागा बघितलीय. बायकांची बॅच तुम्ही घ्या, सुनेत्राताई. मला दोन्हीकडं पुरं पडायचं नाही."

घरी मी हे सांगितलं तेव्हा भरतेश आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये.

"आधी मी येऊन बघतो," तो म्हणाला. "काय प्रकार आहे तो. मग ठरवू."

ठरवू म्हणजे तो ठरवणार. बारा वर्षांत 'ठरवू'चा दुसरा अर्थ मी ऐकला नव्हता.

गोदामात आम्ही शिरलो तेव्हा बॅचचे सात-आठ जण अंग मोकळं करत होते. त्यात आडमुठे काका होते, बँकेतून निवृत्त व्हायला आलेले, गळ्यात कायम पंचा. भरतेशनं सगळ्यांना नमस्कार केला, व्यासपीठावर चढताना करतात तसा.

"सर, पहिलाच दिवस आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तिकडं कडेला बेसिक करा. मी दाखवते."

"मॅडम, बेसिक शरीरासाठी असतं. मनानं मी ॲडव्हान्स्डच आहे."

"मनाला घाम येत नाही सर."

"शरीर मनाचा नोकर आहे. मी हे हजारो लोकांना सांगितलंय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी त्याला रक्तदाब विचारला, गुडघे विचारले, मग म्हणाल्या, "बरं. पण वजन मी सांगीन तेवढंच. आणि थांबा म्हटलं की थांबायचं."

"थांबणं माझ्या शब्दकोशात नाही," भरतेश म्हणाला, आणि खिशातून फोन काढून आडमुठे काकांच्या हातात दिला. "जरा शूट करता का? पुढच्या आठवड्यात पलूसला कार्यक्रम आहे. तिथं दाखवता येईल."

काकांनी फोन लांब धरून बघितला. "हे लाल बटण ना?"

"तेच. चालूच ठेवा."

पहिला प्रकार होता केटलबेल वर धरून जमिनीवरून उठण्याचा. उताणं झोपायचं, एका हातात वजन सरळ छताकडं, आणि ते न हलवता कुशीवर, कोपरावर, गुडघ्यावर आणि मग पायांवर यायचं. दिसायला सोपं, पण अंगातला प्रत्येक सांधा त्यात साक्ष द्यायला येतो. मॅडमनी भरतेशला रिकामी मूठ वर धरून करायला सांगितलं. त्यानं सगळ्यात छोटी केटलबेल ओढून घेतली. मॅडमनी ती काढून घेतली आणि त्याच्या मुठीवर स्वतःचा बूट ठेवला.

"हा पडू द्यायचा नाही."

बूट दोनदा त्याच्या तोंडावर पडला. तिसऱ्यांदा तो बुटासकट बसता झाला आणि तिथंच थांबून आडमुठे काकांकडं वळून बोलायला लागला. "मित्रहो, अपयश ही..." काका म्हणाले, "सर, उठायचं अजून राहिलंय."

मग वाळूची पिशवी जमिनीवरून खांद्यावर घ्यायची, दुसऱ्या बाजूला टाकायची, परत उचलायची. वाळूच्या पिशवीला कडा नसतात, कान नसतात. ती सरकते, लोळते, हातातून निसटते. लोखंड इमानदार असतं, वाळू नाही. भरतेशनं ती कमरेतून वाकून उचलायला घेतली. मॅडम म्हणाल्या, "पाठ नको, पाय वापरा." तो म्हणाला, "कळलं," आणि परत पाठच वाकवली. ऐकून घेण्याची त्याला सवयच नव्हती. आयुष्यभर लोक त्याचं ऐकत बसले होते.

मी माझी पिशवी घेत होते. तो मधेच थांबून माझ्याकडं बघायचा. मला वाटलं होतं, बघून त्याला काहीतरी वाटेल. मला दाखवायचंही होतं, खोटं कशाला बोलू. गाडा ढकलताना मी त्याच्या शेजारून गेले, तेव्हा तो गुडघ्यांवर हात टेकून उभा होता आणि शेजारच्या बाईंना सांगत होता, "हिला मीच पाठवलं इथं. म्हटलं, घरात बसून नुसती लठ्ठ होशील."

विश्रांतीत सगळे भिंतीला टेकून बसले. कुणी पाणी पीत होतं, कुणी नुसतं छताकडं बघत होतं. भरतेशचा चेहरा विटकरी झाला होता, पण शांतता त्याला सोसत नाही.

"तुम्ही या पिशव्यांचं काय सांगता," तो म्हणाला. "मी माझ्या आईला तीन वर्षं उचललंय. अर्धांगवायू. डावी बाजू पूर्ण गेलेली. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, परत पलंगावर. जिवंत माणसाचं वजन निराळं असतं. ते हातांना नाही, काळजाला लागतं." तळहात पुढं आले, हातमोज्यांसकट.

शेजारच्या बाई हळहळल्या. आडमुठे काकांनी फोन खाली केला.

मुजावर मॅडम दोर गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या भरतेशकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. मी बुटाची नाडी सोडून परत बांधायला घेतली.

"आता शेवटचं," थोड्या वेळानं मॅडम म्हणाल्या. "जोडीदाराला खांद्यावर घेऊन गोदामाच्या त्या भिंतीपर्यंत जायचं आणि यायचं. सर, हे तुम्ही करू नका. तुमचे पाय आता थरथरायला लागलेत."

"हेच तर मी करणार," भरतेश उठला. "माझी जोडीदार इथंच आहे. फुलासारखी आहे ती."

"अहो, नको," मी म्हणाले. "मॅडम म्हणतायत तर राहू दे."

"काका, कॅमेरा."

मॅडमनी आमच्या वाटेवर दोन जाड गाद्या ओढून टाकल्या आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

त्यानं मला उचललं, म्हणजे माझ्या पोटात खांदा खुपसला आणि वर ढकललं. मी मदत केली. मदत करायची मला सवय होती. तो चार पावलं गेला. पाचव्या पावलाला त्याचे गुडघे आत वळले आणि मी कुशीवर गादीवर आले. कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. मॅडमनी त्याला दंडाला धरून सावरलं.

मी उठायच्या आत तो हसत होता. सगळ्यांकडं बघून हसत होता, पहिल्या रांगेकडं हात करताना हसायचा तसा.

"बघा, फुलाचं वजन वाढलंय. मंडळी, घरचं तूप कुठं जातं ते आज कळलं."

कुणी हसलं नाही. ज्या जागी बारा वर्षं हमखास हशा यायचा तिथं आज नुसता गोदामाच्या पत्र्याचा आवाज येत होता. भरतेशनं एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. त्याला वाटलं असावं की आवाज पोचला नाही. तो परत म्हणाला, "वजन वाढलंय हिचं."

"आता माझी पाळी," मी म्हणाले.

"तू? मला?"

"हो."

त्याला नाही म्हणता येईना. फोन चालू होता. तो दोन्ही हात पसरून म्हणाला, "घे. आज होऊन जाऊ दे स्त्रीशक्तीचा विजय."

मी त्याचा उजवा हात माझ्या मानेवरून घेतला, खाली बसले, त्याच्या मांडीमागून हात घातला, आणि टाचा जमिनीत रोवून उठले.

मला वाटलं होतं तो जड असेल. ज्या माणसाच्या पावलांचा आवाज जिन्यात ऐकून मी बारा वर्षं टीव्ही बंद केला, ज्याची भुवई वर गेली की माझ्या तोंडातलं वाक्य अर्ध्यात थांबायचं, तो माणूस उचलताना काहीतरी लागायला हवं होतं. काही लागलं नाही. पोट सोडलं तर अंगात काही नव्हतंच. तोंडानंच तो एवढी जागा व्यापत होता.

मी चालायला लागले.

"बास," तो माझ्या कानाशी म्हणाला. "झालं दाखवून. उतरव."

"अंग सोडा," मी म्हणाले. "ताठ राहिलात तर मला जड जातं आणि तुम्हालाही लागतं. सैल सोडा."

त्यानं सोडलं नाही. तो लाकडाच्या ओंडक्यासारखा ताठ, एक पाय झाडत, दुसऱ्या हातानं माझा टी-शर्ट घट्ट पकडून. पहिल्यांदा उचललेलं प्रत्येक माणूस असंच करतं. भिऊन. माझ्या सासूबाईही पहिले काही महिने असंच करायच्या. त्यांचं उजवं अंग ताठ आणि डावं लोंबतं. मला धरता यायचं नाही, त्यांना धरवायचं नाही, आणि एकदा आम्ही दोघी बाथरूमच्या दारात एकमेकींवर पडलो. तेव्हाच माझी पाठ गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी कुणीतरी मुजावर मॅडमचं नाव सांगितलं. मी पहिल्या दिवशी त्यांना म्हणाले होते, मला बारीक व्हायचं नाही, मला एक बाई उचलायला शिकवा. मॅडम त्याच संध्याकाळी घरी आल्या होत्या. पलंगाची उंची बघितली, पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं, आईंना म्हणाल्या, "आजी, हिच्या गळ्यात हात टाका आणि झोपल्यासारखं अंग सोडा." आई शिकल्या. नंतर नंतर मी खाली वाकले की त्यांचा हात आपसूक माझ्या मानेवर यायचा.

भरतेश तेव्हा कुठं होता? दारात. त्याला खोलीतला वास सोसत नव्हता. रात्री आठला बाहेरून आला की उंबऱ्यावरून विचारायचा, "आई, जेवलीस का?" जन्मभर दिवस मावळल्यावर तोंडात घास न घातलेली ती जैन बाई. ती नुसती मान हलवायची. एकदा तो आत आला, फोटोसाठी. मी आईंना खुर्चीत नीट बसवलं, मग त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं, त्यांच्या काखेत हात घातले आणि फोटो काढून घेतला. तो फोटो नंतर व्याख्यानात पडद्यावर यायचा. त्या रात्री आई मला म्हणाल्या होत्या, अर्ध्या तोंडानं, "भरतूचे हात नुसते बोलायला."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत बसून तळहात बघितले होते, बस्स. पण आता तो माझ्या खांद्यावर होता. आणि मला माझ्या मानेला, पाठीला, मांड्यांना कळत होतं की या माणसानं जन्मात कुणाला उचललेलं नाही. ज्यानं एकदा जरी उचललं असतं, त्याला उचलून घ्यायचं कसं हे कळलं असतं.

भिंत आली. मी वळले.

"लोक बघतायत," तो दातांतून म्हणाला. "अक्कल गहाण टाकलीस का? ठेव खाली."

"आईंना तुम्ही कधी उचललं?"

"काय?"

"विचारतेय. कधी उचललंत? कुठल्या दिवशी?"

"ही वेळ आहे का हे बोलायची?"

"मग कुठली आहे? पलूसला विचारू?"

त्याचा श्वास माझ्या कानाशी गरम लागत होता. मग हळू आवाजात, ज्या आवाजाला मी बारा वर्षं घाबरत आले होते त्या आवाजात, तो म्हणाला, "घरी चल. मग बघतो तुझ्याकडं."

"गप बस," मी म्हणाले.

मी ठरवून म्हणाले नव्हते. ते तोंडातून आलं आणि मलाच ऐकू आलं. अहो गेलं, तुम्ही गेलं. तो गप्प बसला. निघालेल्या जागी परत आले की मी त्याला खाली ठेवणार होते, पण मग ठेवला नाही. परत त्या भिंतीपर्यंत गेले. पाय दुखायला लागले होते, दम लागला होता, पण ते माझं मला झेपत होतं. परत येताना त्यानं अंग सोडलं. शिकला म्हणून नव्हे. थकला.

मी गुडघ्यात वाकून त्याला नीट पायांवर उभा केला. नीट म्हणजे आईंना करायचे तसा. एक हात पाठीला, तोल येईपर्यंत सोडायचा नाही.

सगळे बघत होते. भरतेशनं शर्ट खाली ओढला, केस सारखे केले आणि पहिलं वाक्य बोलला ते आडमुठे काकांशी.

"ते पुसून टाका."

काकांनी फोन त्याच्या हातात दिला. "तुमचाच फोन आहे सर. तुम्हीच पुसा. सगळं आलंय बघा, आवाजासकट."

तो फोन घेऊन कोपऱ्यात गेला. हातमोज्यातल्या बोटाला फोन दाद देईना. तेवढ्यात मॅडम माझ्याजवळ आल्या, माझं कोपर वळवून बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी लावा. दुपारी मिरजेला जागा दाखवायला नेणार होते तुम्हाला. जमेल का आज?"

"जमेल," मी म्हणाले. "तीनला येते."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. त्याचे पाय अजून थरथरत होते. घराखाली दोन गाड्यांच्या मधे जागा होती. तिथं लावली.

पुढचं सगळं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. मिरजेची बॅच चालली. पहिल्या वर्षी दहा बायका होत्या, आता दोन बॅचेस आहेत. त्यातल्या निम्म्या घरातलं कुणीतरी उचलता यावं म्हणूनच येतात. दीड वर्षानं माझं सामानही मिरजेला गेलं. भरतेश अजून व्याख्यानं देतो. ऐकून आलेल्या एका बाईनं मला सांगितलं, हसवायला तो आता शेजाऱ्याचं उदाहरण घेतो. मी बढती मिळून टाळ्यांच्या भागात गेलेय. "माझ्या पत्नीला मी स्वतःच्या पायांवर उभं केलं," असं म्हणतो म्हणे. आई आहे तिथंच आहे, शेवटाला, तळहातांवर. तो फोटोही आहे. मी एकदाही जाऊन काही बोलले नाही. खोटं बोलायला तरी त्याला कुणाचं तरी खरं लागतं, यापलीकडं मला त्याचं काही वाटत नाही.

पण त्या रविवारची दुपार राहिली.

तो आंघोळ करून, पांढरा झब्बा घालून, परत मगदूम सर होऊन बाहेर आला. मी पर्स घेत होते.

"कुठं?"

"मिरजेला. जागा बघायला."

"मिरजेचं मी नाही म्हणून सांगितलंय."

"सांगितलं नव्हतं. ठरवू म्हणाला होतास."

होतास ऐकून त्याची भुवई वर गेली. मी वाट बघितली. माझं वाक्य कुठं थांबलं नाही, कारण ते संपलेलंच होतं. तो पुढं झाला, दारात उभा राहिला आणि दोन्ही हात चौकटीला लावले.

"जाऊन दाखव," तो म्हणाला.

त्याला मारायचं वगैरे माझ्या मनात कधीच नव्हतं. मी फक्त त्याच्याकडं बघितलं, जसं आम्ही काहीही उचलायच्या आधी बघतो. भार कुठल्या पायावर आहे. हात कुठून घालायचा. ठेवायचं कुठं. माझी नजर त्याच्या खांद्यावरून कमरेवर आणि कमरेवरून गुडघ्यांवर गेली असेल. मागं सोफा होता, मी सोफ्याकडंही एकदा बघितलं.

भरतेशचे हात चौकटीवरून खाली आले. तो बाजूला झाला.

मी चपला घालून दोन पायऱ्या उतरले, तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"मग संध्याकाळच्या जेवणाचं काय?"

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी वळून बघितलं नाही. उरलेल्या पायऱ्या उतरले आणि गाडी काढली.